दातवाल्याला गिळणारा मासा

७ सप्टेंबर, रविवार

रोजनिशी सुरू. हेतू एकच, सूड. शब्द मोठ्या अक्षरात लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. दुसरी रेघ वाकडी गेली, कारण हिने मध्येच स्वयंपाकघरातून विचारलं की गॅस बंद केला का. सूडाच्या पहिल्याच पानावर गॅस. असो.

आज उपासनेनंतर पायऱ्यांवर पाळकबाईंनी एका नव्या कुटुंबाशी माझी ओळख करून दिली. हे आपले दारातले देवदूत, म्हणाल्या. त्या घरातली माणसं आधीपासूनच हसत होती. म्हणजे माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत अगोदरच पोचली होती. पोचवणारा कोण, ते मला पक्कं माहीत आहे. दातवाला.

दातवाला म्हणजे माझा साडू. हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. दिवसभर माणसं त्याच्यापुढे आ वासून पडलेली असतात, त्यामुळे त्याला वाटतं की सगळं जगच त्याच्याकडे बघून आ वासतं.

गेल्या वर्षीचं एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड व्हायला नको. चर्चच्या वर्धापनदिनाची नाटिका. मी देवदूत. पंख माझ्या स्वतःच्या पडद्यांच्या दुकानातले, भारी सॅटिनचे, आत वेताच्या काड्या, हात पसरले तरी दोन्हीकडे उरतील एवढे. कल्पना भव्य होती. दोष दाराचा. दार जुन्या काळच्या सडपातळ लोकांसाठी बांधलेलं. मी अडकलो. मागे सरलो, पुन्हा आलो, पुन्हा अडकलो. तेव्हा वेदीपाशी मेंढपाळ होऊन उभा असलेला हा गृहस्थ मोठ्यांदा म्हणाला की भिऊ नका मंडळी, आनंदाची बातमी निघालेली आहे, फक्त दारात खोळंबली आहे. हे वाक्य नाटिकेत नव्हतंच! सगळं चर्च खदखदलं. पाळकांनी तोंडाला रुमाल लावला. ही तर पुढच्या बाकावर डोकं टेकून हसत होती. नंतर म्हणाली, मी प्रार्थना करत होते.

वर्ष होत आलं. अजून काही गिऱ्हाईकं माझ्या दुकानात शिरताना मुद्दाम आडवी होऊन शिरतात.

९ सप्टेंबर, मंगळवार

सासऱ्यांच्या घरी नाटिका मंडळाची बैठक. मंडळ त्यांनीच काढलं, नियमही त्यांचाच: जे शेवटच्या बाकावरून दिसत नाही, ते नाटिकेत नाही. स्वतः शेवटच्या बाकावर बसतात आणि न दिसल्यास भर नाटिकेत ओरडतात, दिसत नाही! आता त्यांची नजर अधू झाल्यामुळे दरवर्षी सगळंच मोठं करावं लागतं. राजाचा मुकुट बादलीएवढा झाला आहे. म्हाताऱ्यांच्या दाढ्या गुडघ्याला टेकतात. मागच्या खेपेला बाळाचा पाळणा एवढा मोठा झाला की त्यात बाळ म्हणून चर्चच्या गायनमंडळातले जाडे काका झोपवावे लागले.

आज सासऱ्यांनी जाहीर केलं की हे त्यांचं शेवटचं वर्ष. नाटिका झाली की वेशभूषेच्या पेटीची किल्ली ते एकाच्या हाती देणार. किल्ली ज्याच्याकडे, मंडळ त्याचं. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. ही म्हणते की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

गोष्ट ठरली: देवाचं काम टाळून पळालेला संदेष्टा, त्याला गिळणारा भला मोठा मासा, पोटात पश्चात्ताप, मग सुटका. संदेष्टा कोण? दातवाला. नेहमीप्रमाणे. मला काय? वेशभूषा आणि सामान. शिवाय पडद्यामागून संवाद सांगायचं काम. म्हणजे मासा मी करायचा आणि टाळ्या त्याने घ्यायच्या.

मी हसून हो म्हणालो. आतून दातओठ खात होतो.

१० सप्टेंबर, बुधवार, दुकानात

सापडलं! सापडलं!

सकाळी गिऱ्हाइकाच्या सोफ्याच्या गाद्यांना खोळी घालत होतो. या खोळींना जी चेन लावतात, तिच्या रनरला, म्हणजे सरकणाऱ्या कडीला, धरायला मूठ नसते. मुद्दामच नसते, पोरासोरांनी ओढून उघडू नये म्हणून. उघडायची तर तारेचा छोटा आकडा रनरच्या भोकात अडकवून ओढावं लागतं. आकडा नसेल तर नखं तुटतील, चेन हलणार नाही.

तर प्लॅन असा. संदेष्टा माशाच्या तोंडातून आत जाणार. मी दोरी ओढणार, जबडा मिटणार, आणि तो असा करायचा की मिटला की मिटला. बाहेर पडायचं पोटाच्या बाजूने. तिथे चेन. चेनला मूठ नसणार. आकडा कुठे? माझ्या खिशात.

सगळ्या मंडळींसमोर दातवाला आत धडपडेल. साडूभाऊ, सोडवा, म्हणेल. मी म्हणेन की भिऊ नका मंडळी, संदेष्टा निघालेला आहे, फक्त पोटात खोळंबला आहे. हे वाक्य मी आजच पाठ केलं. तो पुरता काकुळतीला येईल, तेव्हाच आकडा काढायचा. त्याआधी नाही. जिरवली नाही तर नाव लावणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

माशाचं काम सुरू. सांगाडा पडद्याच्या पाइपांचा. त्यावर गमाने चिकटवलेला जाड फोम, त्यावर ब्लॅकआउटचं कापड, राखाडी. ब्लॅकआउट म्हणजे आत अंधार गुडुप. फोममुळे आवाजही कोंडणार. दात म्हणून पडद्याच्या रॉडची टोकदार लाकडी टोकं, स्क्रूने पक्की बसवायची, वरची खालच्यांत अडकतील अशी.

दुकानातले मास्टर मशीनवरून विचारतात की मासा हसरा ठेवायचा की रागीट. मी म्हटलं, रागीट. मास्टर म्हणाले की रागीट माशाचे डोळे त्यांना जमत नाहीत, त्यांच्या मुलीच्या टेडीला तेच डोळे लावले होते आणि ती रात्रभर रडली. म्हटलं, मग तेच लावा.

१४ सप्टेंबर, रविवार

निश्चय: वर्धापनदिन उजाडेपर्यंत दातवाल्याशी अतिशय गोड वागायचं. संशय येता कामा नये.

चर्चमध्ये त्याला बसायला जागा दिली. गाण्याचं पुस्तक उघडून दिलं. उपासनेनंतर त्याच्या मोटारीची काच माझ्या रुमालाने पुसली. ही घरी आल्यावर माझ्या कपाळाला हात लावून गेली. ताप नाही म्हणाली, आणि जास्तच काळजीत दिसली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सासरे दुकानात आले आणि माशाजवळ उभे राहून म्हणाले, मासा कुठे आहे. मासा वाढवणं भाग पडलं.

एका बाईंचे बैठकीच्या खोलीचे पडदे आज द्यायचे होते. झाले नाहीत. कापड माशाच्या शेपटीत गेलं. बाईंना सांगितलं की गिरणीतून माल आला नाही. बाई शेपटीकडे बघत म्हणाल्या की हेच ना ते कापड. काही लोकांना कलेची कदर नसते. ऑर्डर रद्द करून गेल्या. दातवाल्याच्या खात्यावर आणखी एक अपराध.

२१ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ

चर्चच्या हॉलमध्ये पहिली तालीम. माशाचा सांगाडा खडूने जमिनीवर आखला आणि दातवाल्याला म्हटलं, आत बसून बघा. तो खडूच्या रेघेबाहेरच बसला! म्हणाला, ऐनवेळी जाईन की आत, त्यात काय सराव करायचा. एवढा माज? खडूच्या माशात बसायलासुद्धा साहेबांना कमीपणा?

पोटातली प्रार्थना मात्र त्याने बाहेर बसून म्हटली. मध्येच थांबून पाणी प्यायला. सारखं पाणी. नाटकी माणूस.

प्रार्थना मला त्याच्याआधी पाठ झाली. दर ओळीला मीच आठवण करून देतो. पाळकबाई म्हणाल्या की तुमचा आवाज छान आहे हो. मी म्हटलं, आवाज आहे, पण दरवाजे अरुंद आहेत. त्यांना कळलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मासा पूर्ण! डोळे मास्टरांनी असे केलेत की मी स्वतः पाठ करून बसतो. जबडा एकदा मिटला की मी आणि मास्टर दोघांनी ओढूनही उघडला नाही. शेवटी दात काढून उघडावा लागला. उत्तम. चेन घट्ट. आकडा झकास. या खेपेला चर्चचं दार आधीच मापून आणलं होतं. मासा त्यातून आरामात जातो. एकदा झालेली चूक मी पुन्हा करत नाही.

दुपार

दुकानाचं शटर मापायचं राहिलं.

संध्याकाळ

शेपूट आणि डोकं कापून बाहेर काढलं. रस्त्यावर गर्दी जमली. समोरच्या बेकरीवाल्याने विचारलं की देवदूत या वर्षी कोण आहे.  शटर बनवणाऱ्याची चूक आहे, मी त्यात काय करणार? टेम्पोवाल्याने माशाचं भाडं दोन पॅसेंजरांचं लावलं.

२८ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या हॉलमध्ये मासा पुन्हा जोडला. शिवण दुहेरी घातली, त्यामुळे आधीपेक्षा मजबूत. सासऱ्यांनी हात फिरवून फिरवून मासा पाहिला. तोंडापासून शेपटीपर्यंत जायला त्यांना बराच वेळ लागला, मध्ये खुर्ची द्यावी लागली. म्हणाले, हा दिसेल. बस्स. एवढंच म्हणाले. माझे डोळे भरून आले. लग्नानंतर माझ्याविषयी त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द, तोही माशाविषयी.

किल्ली आता कोणाची ते उघड आहे. पण किल्ली मिळाली तरी सूड सोडायचा नाही. दोन गोष्टी वेगळ्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दातवाला संध्याकाळी घरी. बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, बाहेरच्या खोलीत हिच्याशी बोलत ठेवलं आणि मला गॅलरीत नेलं. हळूच विचारतो, आतून उघडायचं कसं. मी म्हटलं, आतून उघडायची गरजच काय साडूभाऊ, मी आहे ना बाहेर. मग म्हणाला, हवेला एखादं मोठं भोक ठेवता येईल का. मी म्हटलं, माशाला खिडकी असते का कुठे? शेवटच्या बाकावरून खिडकी दिसेल, मग पप्पा काय म्हणतील?

तो रेलिंग धरून उभा राहिला. मग म्हणाला की तू आहेस म्हटल्यावर काळजी नाही.

अशी गोड गोड भाषा! म्हणजे त्याला वास लागला आहे. सावध राहायला हवं.

५ ऑक्टोबर, रविवार

रंगीत तालीम. सगळे पोशाखात. खलाशांच्या टोप्या छत्रीएवढ्या, त्यामुळे दोन खलाशी शेजारी उभे राहू शकत नाहीत आणि जहाज फार लांब झालं आहे. दातवाल्याची दाढी त्याच्या पायात येते. आज तरी आत जाईल म्हणून मी दोरी धरून तयार. तर हा पठ्ठ्या म्हणतो, आज आत उशी टाकूया, चेन तपासायची तर उशीवर तपासा. सगळे हसले. मीच माशाच्या तोंडात उशी टाकली, जबडा मिटला, चेनीतून उशी काढली. उशीला टाळ्या.

वर्धापनदिनाला उशी चालणार नाही, दातवाल्या.

ही आज बराच वेळ चेनीजवळ बसून होती. रनरवरून बोट फिरवत विचारलं की याला मूठ का नाही. मी म्हटलं, मूठ चमकते, मागून वाईट दिसते. ती हं म्हणाली. तिचं हं मला आवडत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या!

करायचं ते: एक, आकडा शर्टाच्या खिशात. दोन, माझं वाक्य घाई न करता, हसू न येता म्हणायचं. तीन, दातवाला ओरडला तरी चेहरा गंभीर. चार, काकुळती आल्याशिवाय चेन नाही. पाच, किल्ली मिळाल्यावर भाषण लांबवायचं नाही, पण सासऱ्यांचे आभार, मास्टरांचा उल्लेख, दाराचा उल्लेख.

आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. हिने विचारलं, कोण खोळंबलंय. मी म्हटलं, बस.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी

आकडा खिशात. तीन वेळा चाचपला. आज दारातल्या देवदूताचा हिशेब चुकता होणार. नाश्ता गेला नाही. विजयाच्या आधी असं होतं म्हणतात.

१२ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

लिहायला बसलो आहे. हात अजून गमाने चिकट आहे. जसं घडलं तसं लिहितो.

चर्च गच्च भरलेलं. जहाज झालं, वादळ झालं, टोपीत टोपी अडकून एक खलाशी खरोखरच पडला. सासरे मागून ओरडले की वादळ दिसतंय. आता संदेष्ट्याला समुद्रात टाकायचं. मी पडद्यामागे दोरी धरून. तेवढ्यात दातवाला सरळ पुढे आला, दाढी काढली आणि मंडळींना म्हणाला की एक मिनिट. गेल्या वर्षी मी माझ्या साडूभाऊंची चेष्टा केली. ती वर्षभर पुरली, आता पुरे. हा मासा त्यांनी केला आहे, संवाद सगळे त्यांना पाठ आहेत, माझे गुडघे आज बरे नाहीत. संदेष्टा तेच.

टाळ्या! माझ्यासाठी! उभं राहून! त्याने मला हाताला धरून बाहेर ओढलं, स्वतःची दाढी माझ्या कानांवर चढवली, झगा शर्टावरूनच घातला. पुढच्या रांगेत पाळकबाई डोळे पुसत होत्या. ही उभी राहिली होती. सूडबीड काही आठवलं नाही. खोटं कशाला सांगू? मला फक्त टाळ्या ऐकू येत होत्या. मी हात पसरले, आकाशाकडे बघितलं, आणि ऐटीत माशाच्या तोंडात शिरलो. दोरी दातवाल्याने ओढली. दात दातांत बसले. खट्.

अंधार. मग मला आठवलं.

आकडा माझ्या खिशात होता. खिसा माझ्याबरोबर आत होता. रनर बाहेर होता.

पहिल्यांदा प्रार्थना म्हटली, कारण ती पाठ होती. सासरे ओरडले, ऐकू येत नाही! मोठ्याने म्हटली. ऐकू येत नाही! फोम जाड होता. मीच निवडला होता. मग प्रार्थना सोडून म्हटलं, काढा मला. ऐकू येत नाही! गमाचा वास डोक्यात जायला लागला. दाढी तोंडात गेली. घाम. चेनीच्या आतल्या बाजूने नखं लावली, दोन तुटली. खलाशी बाहेरून चेन ओढत होते ते कळत होतं, एक म्हणाला याला मूठच नाही रे. श्वास अर्धाच येत होता. मी लाथा मारल्या, मासा हलला, बाहेर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं मासा पोहतोय.

मग मी रडलो. पुरुषासारखा नाही. भोकाड पसरलं. आई गं, म्हटलं. हिला हाका मारल्या. दातवाल्यालाही मारल्या. साडूभाऊ, सोडवा, म्हटलं. माझ्याच प्लॅनमधलं त्याचं वाक्य.

तो जबड्यापाशी वाकला असावा, कारण आवाज अगदी कानाशी आला. मला हळूच म्हणाला की हलू नकोस, लांब श्वास घे, मी काढतो. मग मंडळींकडे वळून मोठ्यांदा म्हणाला की रुग्णाच्या पोटात संदेष्टा अडकला आहे, उपाय एकच, दात काढावे लागतील. चर्चच्या शिपायाकडून पकड मागवली. माशाला सांगितलं, आ करा. पहिला दात फिरवून फिरवून काढला आणि शेवटच्या बाकासाठी उंच धरला. सासरे ओरडले, दिसलं! चर्च कोसळलं हसून. दुसरा. दिसलं! तिसरा. फटीतून उजेड आला आणि मी नाक तिथे लावलं. दर दाताला तो मला विचारत होता, हवा येते का. बाकी कोणाला ऐकू जाणार नाही असं विचारत होता.

मी माशाच्या तोंडातून बाहेर आलो. दाढी आतच राहिली. झग्याला फोमचे तुकडे चिकटलेले. उठता येईना, म्हणून गुडघ्यांवरच राहिलो. मंडळींना वाटलं, पश्चात्ताप. सगळे उभे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

अभिनंदनाचे फोन. पाळक म्हणाले की इतका खरा पश्चात्ताप त्यांनी वेदीसमोरही पाहिलेला नाही. बेकरीवाल्याने शटरसमोर येऊन हात जोडले. पाळकबाईंनी विचारलं, असं रडायचं कसं जमतं. मी म्हटलं, साधना लागते. गिऱ्हाईकं सरळ चालत दुकानात येत आहेत.

किल्ली मला मिळाली. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर दिली. भाषण ठरवल्याप्रमाणे करता आलं नाही, घसा बसला होता. नंतर सासरे म्हणाले की किल्ली तुला द्यावी हे थोरल्या जावयाने त्यांना पहिल्या बैठकीच्या आधीच सांगितलं होतं. काय कारण असेल? घाबरला असणार मला. दुसरं काही सुचत नाही.

म्हणजे विजय माझा. सूड मात्र राहिला. उलट आता नवीन अपराध: माझ्या रडण्यावर त्याने टाळ्या घेतल्या. निश्चय: नवा प्लॅन, पुढच्या वर्षाआधी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हिने चहा ठेवला आणि समोर बसली. म्हणाली, पडदेवाल्याची बायको आहे मी, मूठ नसलेली चेन मला कळते. 

मग तिने सांगितलं. ताईने तिला काल रडत रडत सांगितलं होतं. दातवाल्याच्या हृदयाच्या दोन नळ्या बंद आहेत. ऑगस्टपासून माहीत आहे. डॉक्टरांनी धावपळ, कोंदट जागा, टेन्शन, सगळं बंद केलं आहे. पप्पांचं शेवटचं वर्ष, त्यांना धक्का नको म्हणून दोघांनी कोणालाच सांगितलं नाही. माशातलं दोन मिनिटांचं काम तेवढं होईल असं त्याला वाटत होतं. रविवारी सकाळपासून छातीत भरून आलं होतं, म्हणून त्याने दाढी मला दिली.

म्हणजे खडूच्या रेघेबाहेर बसायचा तो. आणि ते पाणी. आणि गॅलरीत हवेचं भोक मागितलं, तेव्हा मी त्याला माशाच्या खिडकीचा जोक केला.

हिने विचारलं, तुम्ही त्यांना किती वेळ आत ठेवणार होतात. मी म्हटलं, थोडाच. ती म्हणाली, थोडा म्हणजे किती. मी म्हटलं, गंमत होती गं. ती म्हणाली, ते कळलं, किती वेळ ते विचारतेय.

ठरवलेलं मला माहीत होतं. तो काकुळतीला येईपर्यंत.  चहा निवला. ती उठून गेली आणि दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मी आतमध्ये किती वेळ होतो ते शिपायाला विचारलं. म्हणाला, फार नाही, एका गाण्याएवढा. मला धडधाकट माणसाला एका गाण्याएवढ्या वेळात आई आठवली. तो आत असता तर. पुढे लिहीत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुकानात मन लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला पडदे उलटे लावून आलो. मास्टरांनी विचारलं, माशाचं काय करायचं. मी म्हटलं, फाडा. मास्टर म्हणाले, दुहेरी शिवण आहे, वेळ लागेल.

रागावायचा प्रयत्न केला. गेल्या वर्षीचं दार आठवून पाहिलं. थोडा राग आला, पण संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दातवाला दुकानात आला. स्टुलावर बसला. आधी म्हणाला की तू आत खरंच घाबरला होतास ते मी कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. मग म्हणाला, सोमवारी ऑपरेशन आहे. हॉस्पिटलच्या कागदावर जवळचा नातेवाईक म्हणून सही लागते, रात्री बाहेर बाकावर कोणीतरी बसावं लागतं. दोघी बहिणी रडतील, पप्पांना झेपणार नाही. त्याला सख्खा भाऊ नाही. बराच विचार केला, म्हणाला, तर तूच आठवलास.

मी त्याला वर्षभर दर रविवारी मनातल्या मनात बुडवत होतो, आणि या माणसाच्या यादीत शेवटी एकच नाव उरलं, ते माझं.

  येतो म्हटलं. सही करतो म्हटलं. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, जिना नसलेल्या दुकानातही त्याला दम लागला होता.

सोमवारी सकाळी लवकर निघायचं. डबा ही करणार आहे. आज जेवताना तिने मला भाजी वाढली, म्हणजे बोलणं सुरू होईल असं दिसतं.

सूड तूर्त पुढे ढकलत आहे. आजारी माणसावर सूड उगवण्यात काही अर्थ नाही, तो आधी ठणठणीत बरा व्हायला हवा. अगदी ठणठणीत. बाकी मग बघता येईल.